आमच्या पद्मिनीचे ब्रेक

मोटार चांगली कशी ओळखावी, असें देशावरच्या माणसास विचारिलें तर तो ती किती वेगानें धांवते हें सांगूं लागतो. महाड-पोलादपूरकडचा माणूस ती थांबते कशी, हें आधीं विचारतो. नकाशाकडे एकदां पाहिलें कीं याचें कारण ध्यानांत येतें. महाडहून भोरकडे निघावें तर वरंध घाट आडवा येतो. पोलादपूरहून खेडकडे वळावें तर कशेडी. आणि पोलादपूरहून महाबळेश्वरास जावें तर आंबेनळी. या शेवटल्या घाटाची वाट सुमारे ४० किलोमीटरांची आहे, आणि तेवढ्यांत ती आपणांस भातखाचरांतून उचलून ४,५०० फुटांच्या आसपास नेऊन ठेवते. चढतांना परीक्षा इंजिनाची, उतरतांना ब्रेकची. इंजिन नापास झालें तर मोटार उभी राहते. ब्रेक नापास झाले तर ती उभी राहत नाहीं, एवढाच काय तो भेद.

आमच्या घरीं १९७४ सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. तिचें कूळ इटलींतलें. फियाट कंपनीच्या ११०० डी या मोटारीची ती भारतीय आवृत्ति. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली, आणि त्याच १९७४ सालीं या जातीच्या मोटारींस पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळा महाराष्ट्र हिला ओळखतो. त्या टॅक्सींतली शेवटची २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत भरल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबराअखेर निवृत्त झाली. आमची मोटार खासगी, म्हणून तिला ती मुदत लागू नाहीं. आजोबांनीं ती एका सेवानिवृत्त डॉक्टरांकडून घेतली. त्यांच्यामागें ती वडिलांकडे आली. आणि वयाची सत्तरी उलटली तरी तिचें स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या हातीं देण्यास वडील सहसा राजी नसतात.

वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, वाईला असते. भाऊबीजेच्या दिवशीं सकाळीं वडील महाडहून निघतात, पोलादपूरवरून आंबेनळी चढतात, महाबळेश्वर व पांचगणी मागें टाकून वाईस पोहोंचतात आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वाटेनें परत येतात. माझ्या आठवणींत हा क्रम चुकलेला नाहीं. एस. टी. नें जावें किंवा माझी नवी मोटार न्यावी, असें सुचवून आम्ही थकलों. बहिणीच्या दारीं पद्मिनीच उभी राहिली पाहिजे.

२०२२ सालच्या भाऊबीजेची गोष्ट. परततांना वडील मोटार चालवीत होते, शेजारीं मी व मागें आई. प्रतापगडाचा फांटा मागें पडला, आणि खालच्या वळणांवर कांहीं तरी करपल्यासारखा उग्र वास येऊं लागला. वडिलांनीं ब्रेक दाबला. पायाखालची पट्टी नेहमींसारखीच टणक लागत होती, पण मोटारीचा वेग उतरेना. त्यांनीं आणखी जोर केला, तरी उतरेना. मग एक शब्दही न बोलतां त्यांनीं गिअर दुसऱ्यांतून पहिल्यांत घातला, मोटार डोंगराच्या अंगास घेतली आणि गटाराच्या कडेस घांसत ती उभी केली. पुढल्या चाकांपाशीं हात नेववत नव्हता. आई रस्त्याच्या कडेच्या एका दगडावर बसून राहिली. दरीकडे तिनें पाहिलें नाहीं. याच घाटांत २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळली होती व त्यांतून एकच मनुष्य वांचला होता. ही गोष्ट आम्हां तिघांच्याही मनांत होती. कोणी ती बोलून दाखविली नाहीं. तासाभरानें चाकें निवलीं आणि ब्रेक पूर्ववत् लागूं लागले. मला भय वाटलें तें त्या पूर्ववत् होण्याचेंच. जें बिघडतें आणि आपोआप बरें होतें, त्याचा दोष मेस्त्रींच्या दारांत कधीं सांपडत नाहीं.

असें कां व्हावें? आमच्या मोटारीच्या चारही चाकांस ड्रमचे ब्रेक होते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारें एक लोखंडी डबडें. त्याच्या आंत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात व त्यांवर घर्षणाचें अस्तर बसविलेलें असतें; त्यालाच आपल्याकडे लायनर म्हणतात. पट्टी दाबली कीं ब्रेक ऑइलच्या दाबानें शू फांकतात व ड्रमच्या आंतल्या अंगास घांसतात. युक्ति नामी आहे. कारण फिरता ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळें तो अधिकच घट्ट बसतो, आणि थोड्या जोरांत पुष्कळ काम होतें. पण उष्णता त्या डबड्यांतच कोंडून राहते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, आणि फार तापलेल्या लायनरची पकड सुटते. पावसांत ड्रममध्यें पाणी शिरलें तर तेंही लवकर बाहेर पडत नाहीं.

उष्णता उत्पन्न होते तरी किती? वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. मोटार, माणसें व सामान मिळून १,२०० किलो धरूं. उतरावयाची उंची १,३०० मीटर. वजन, उंची आणि पृथ्वीच्या आकर्षणाचा ९.८ हा अंक यांचा गुणाकार केला म्हणजे सुमारे दीड कोटि ज्यूल येतात. २५ अंशांचें साधें पाणी घेतलें तर एवढ्या उष्णतेनें ४५ लिटरांहून अधिक पाण्यास उकळी फुटेल. म्हणजे आमच्याकडचे दोन मोठे हंडे भरून. यांतला कांहीं भाग वारा घेतो, खालच्या गिअरमध्यें ठेवलेलें इंजिन पुष्कळसा घेतें, आणि उरलेला सगळा त्या चार डबड्यांच्या वांट्यास जातो.

डिस्क ब्रेकचा कारभार सगळा उघड्यावरचा. चाकाबरोबर एक जाड लोखंडी तबकडी फिरते, आणि कॅलिपर नांवाचा ओतीव लोखंडाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनीं पकडतो. फिरती थाळी आपण आंगठा व बोटें यांच्यामध्यें धरावी तशी. तबकडीस वारा लागतो. पाणी पडलें तर फिरण्यानें उडून जातें. आणि ती तापून फुगली तरी पॅडांपासून दूर सरत नाहीं. कल्पना जुनीच आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ मध्यें तिचें पेटंट घेतलें. १९५३ मध्यें फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीनें जिंकली, तेव्हां जगाचें तिकडे लक्ष गेलें. १९५५ मध्यें सित्रोएन कंपनीनें आपल्या डी. एस. मोटारीस ते दिले. मला गंमत वाटते ती पुढची. आमच्या पद्मिनीची जी इटालियन बहीण, तिला १९६६ मध्यें ११०० आर हें नवें रूप देतांना फियाटनें पुढल्या चाकांस डिस्कच बसविल्या. त्यानंतर आठ वर्षांनीं कुर्ल्याहून बाहेर पडलेल्या आमच्या मोटारीच्या नशिबीं मात्र ड्रम! तेव्हां मी घराण्याच्या रीतीबाहेरचें कांहीं करूं पाहत नाहीं, असें मीं वडिलांस सांगितलें.

त्यांना तें पटेना. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षें पुरीं झालेली व मूळ स्वरूपांत राखलेली मोटार त्यांप्रमाणें व्हिंटेज म्हणून नोंदतां येते. आमच्या मोटारीच्या पन्नाशीस तेव्हां एकच वर्ष उरलें होतें. तिच्या अंगावर परका भाग चढवून तो मान घालवावा, हें वडिलांस रुचण्यासारखें नव्हतें. "आजोबांनीं जशी दिली तशीच मी ती पुढें देईन," असें ते म्हणत. हा वाद महिनाभर चालला असतां आईनें तो एका वाक्यांत मिटविला. व्हिंटेज म्हणून नोंदलेली मोटार रोजच्या वापरास नेतां येत नाहीं, हें तिनें कोठें तरी वाचलें होतें. ती म्हणाली, "निराळी पाटी लावून मोटार शोभेला ठेवायची आहे कीं तिच्यांतून वाईला जायचें आहे, तेवढें आधीं ठरवा."

अखेर तह झाला. मूळ मोटारीच्या एकाही भागास भोंक पाडावयाचें नाहीं, कांहीं कापावयाचें नाहीं, कोठें वेल्डिंग करावयाचें नाहीं. काढलेले ड्रम, शू व त्यांच्यामागचे पत्रे ग्रीस लावून ट्रंकेंत ठेवावयाचे, म्हणजे वाटेल त्या दिवशीं मोटार पूर्ववत् करतां येईल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मोटारींतील फेरफारांवर निर्बंध घालतें. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयास लेखी विचारावयाचें. हें शेवटचें कलम वडिलांचें. तें योग्यच होतें, आणि त्याप्रमाणें केलें.

सगळे भाग नवेच कां घेतले नाहींत, असें कोणी विचारील. पद्मिनीकरितां तयार संच मला बाजारांत मिळाला नाहीं. दुसऱ्या मोटारीचे भाग आणून ते हिच्या अंगाशीं जुळवावयाचे, आणि जुळवावयाचे तर ते आधीं हातांत घेऊन मोजतां आले पाहिजेत. हें काम जुन्या मोटारी फोडणाराच्या आवारांतच होतें. प्रथम मी कुर्ल्यास गेलों. तेथें सी. एस. टी. मार्गावर जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. त्याच कारखान्याच्या ११८ एन. ई. या मोटारीचे भाग जुळतील, असा आमच्या मेस्त्रींचा अंदाज होता. दोन शनिवार त्या गल्ल्यांत हिंडलों. परंतु ती मोटार पद्मिनीहूनही दुर्मिळ झालेली. जेथें आमच्या मोटारीचा जन्म झाला त्या कुर्ल्यांत तिच्यासाठीं कांहीं मिळालें नाहीं. जें मिळालें तें घरापासून दोन मैलांवर, महाडांतच.

महाडास पूर नवा नाहीं. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या कुशींत हें गांव वसलेलें आहे. २००५ च्या जुलैंतला पूर आणि दासगांव, जुई येथील दरडी अजून लोकांच्या बोलण्यांत येतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरचा जुना दगडी पूल कोसळला व दोन एस. टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. तरी २१ व २२ जुलै २०२१ हे दिवस निराळेच. तळिये गांवावर दरड आली ती याच पावसांत. बाजारपेठेंतील तळमजले बुडाले. पाणी ओसरलें तेव्हां घराघरांतून चिखल उपसण्याचें काम कितीतरी दिवस चाललें. माणसांनीं घरें धुतलीं, भांडीं धुतलीं, दुकानें पुन्हां मांडलीं. मोटारी मात्र धुवून बऱ्या होण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. इंजिनांत गाळ, तारांत पाणी, आसनांत कुजका वास. दुरुस्तीचा खर्च किंमतीहून अधिक होतो असें पाहून ज्या सोडून दिल्या गेल्या, त्या लिलांवानें किंवा वजनावर भंगारवाल्यांकडे आल्या.

अशा एका आवाराचे मालक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या मोकळ्या जागेंत त्यांच्या मोटारी ओळीनें उभ्या होत्या. २०२३ चा उन्हाळा चालू होता, म्हणजे पुरास दोन वर्षें होत आलीं होतीं. तरी प्रत्येक मोटारीच्या कांचेवर चिखलाची आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. ती सर्वांवर एकाच उंचीवर नव्हती. एकीच्या दारापर्यंत, दुसरीच्या छपरालगत. त्या रेघेवरून ती मोटार कोणत्या आळींतली, हें चाचा सांगत. एका मोटारीच्या मागल्या आसनाखालीं मला शाळेची एक वही सांपडली. तिची वीट झाली होती, पान उलटेना. मीं ती होती तेथेंच ठेविली.

चाचांनीं मोटारींचे कागद एका बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेविले होते, आणि मीं न मागतांच ते पुढें केले. पालकांपैकीं कोणास कधीं असा व्यवहार करण्याची वेळ आली तर एवढें ध्यानांत असावें: जो कागद दाखवीत नाहीं त्याच्याकडून ब्रेक तर राहोच, आरसाही घेऊं नये.

आमचे मेस्त्री पहिल्या भेटीस बरोबर होते. आवारांत सर्वांत अधिक संख्या मारुति ८०० ची. मला वाटलें, काम झालें. मेस्त्रींनीं तिकडे पाठ फिरविली. ती मोटार साडेसहाशें किलोंच्या आसपासची, आणि पद्मिनी नऊशेंच्या घरांतली. "हलक्याचा लगाम जड घोड्याला लावूं नये," एवढेंच ते बोलले. त्यांनीं शोधून काढली ती एस्टीम. तिचें वजन जवळ जवळ पद्मिनीइतकेंच. चाकें १३ इंची, म्हणून तिचा कॅलिपर आमच्या १४ इंची चाकाच्या पोटांत सुखानें मावणार. अशा तीन मोटारी तेथें होत्या. एकीचा डावा कॅलिपर चांगला, तर उजवा गंजून एकजीव झालेला. दुसरीचे दोन्ही आधींच कोणी नेलेले. तिसरी ओळीच्या टोंकास, करवंदीच्या जाळींत शिरलेली. डाव्याच्या जागीं उजवा कां चालूं नये, असें मीं विचारिलें. कॅलिपरमधली हवा काढण्याचा निप्पल सर्वांत वरच्या अंगास यावा लागतो, कारण हवा नेहमीं वर चढते. उलटा कॅलिपर लाविला कीं निप्पल खालीं जातो, हवा आंतच राहते, आणि घाटांत पायाखालची पट्टी स्पंजासारखी दबते. मग कोयता मागवून जाळी तोडली, आणि तिसरीचा उजवा कॅलिपर निघाला.

मोल ठरवितांना चाचांनीं एकच प्रश्न केला, "गाडी घाटाला जाते का?" मीं होय म्हणतांच त्यांनीं कॅलिपरांबरोबर आलेले रबरी पाइप, ऑइलची कुपी व जुने पॅड काढून बाजूस टाकले. "मग माझ्याकडून नुसतें लोखंड न्या. रबर नवें घ्या." मीं हेंही विकत घेतों, असें म्हटलें असतें तर त्यांना चार पैसे अधिक मिळते. दोन्ही कॅलिपर व त्यांचे धारक मिळून अठराशें रुपये झाले.

त्या सल्ल्याचा अर्थ मला मेस्त्रींच्या बांकावर कळला. ओतीव लोखंड दोन वर्षें गाळांत पडलें तरी वरून गंजतें. तारेच्या ब्रशानें व घासलेटानें तें साफ होतें, तडा असेल तर दिसतो. रबराचें तसें नाहीं. तें वरून चांगलें दिसतें आणि आंतून फुगलेलें असतें. कॅलिपरमधले पिस्टन आम्हीं बाहेर काढले. त्यांच्या चकचकीत अंगावर मोहरीएवढे खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांवर नवें रबरही फाटतें, म्हणून पिस्टन नवे घेतले. तबकड्यांच्या कडेस त्यांची कमींत कमी जाडी ओतलेली असते. मायक्रोमीटर लावून पाहिलें, तर गंज काढण्यापुरत्या लेथवर घांसल्या तरी त्या तिच्याखालीं जाणार होत्या. त्याही नव्या आणल्या. अशा रीतीनें नव्या वस्तूंस जुन्यांच्या कितीतरी पट पैसे पडले, आणि भंगारांतून आणलेल्यांपैकीं टिकले ते चार लोखंडी तुकडे. त्या चारांवरच सगळें बसावयाचें होतें.

ते घेऊन मी निघालों त्या दिवशीं आवारांत एक गृहस्थ आले होते. बाजारपेठेंत त्यांचें कापडाचें दुकान. पुरांत दुकान गेलें होतें, तें त्यांनीं कर्ज काढून पुन्हां उभें केलें होतें, आणि जुन्या लोखंडी मांडण्या विकावयास ते आले होते. चाचा त्यांना म्हणाले, "शेठ, तुमच्या एस्टीमचा उजवा ब्रेक हे नेताहेत." गृहस्थ माझ्या हातांतील त्या गंजक्या गोळ्याकडे पाहत राहिले. मला वाटलें, हे आतां पैशाचें कांहीं बोलतील किंवा उदास होतील. त्यांनीं विचारिलें, "कुठल्या गाडीला लावणार?" मीं सांगितलें. मग आंबेनळीचेंही सांगितलें. ते म्हणाले, "माझी मुलगी बाळंतपणाला आली ती याच गाडींतून. रात्रीं कशेडी उतरून आलों होतों. लागले कीं नाहीं तें मला येऊन सांगा." एवढें बोलून ते मांडण्यांच्या वजनाकडे वळले.

बसविण्याचें काम वाचकांस कंटाळा येईल एवढें लांब आहे. म्हणून त्यांतलें मला जें महत्त्वाचें वाटलें तेवढेंच सांगतों. एस्टीमच्या चार बोल्टांचें वर्तुळ दिसावयास पद्मिनीसारखें. पण मापलें तर जुळेना. मेस्त्रींनीं लेथवर पोलादाची एक कडी करविली, ती मूळ हबवर बसते व तिच्यावर तबकडी. कॅलिपरसाठीं जाड पोलादाची पट्टी कापून ती ड्रममागच्या पत्र्याच्या मूळ बोल्टांच्या भोंकांतच बसविली. तहाचें पहिलें कलम पाळलें गेलें. तबकडी सरळ फिरते कीं नाहीं हें डायल गेजनें पाहिलें. दोनदां ती सरळ फिरली नाहीं. दोन्ही वेळां कडी पुन्हां लेथवर गेली.

आंतल्या रचनेंत एक बारकी खोंच आहे. ड्रम ब्रेकच्या ऑइलवर थोडासा दाब नेहमीं राहावा म्हणून मास्टर सिलिंडरांत एक झडप असते. तीच झडप डिस्कच्या वाटेवर राहिली तर पॅड तबकडीस चिकटून राहतात आणि उतारावर पाऊल टाकण्यापूर्वींच ब्रेक तापतात. म्हणून पुढल्या चाकांचा मार्ग वेगळा पाहिजे. आमचा जुना मास्टर सिलिंडर एकाच खणाचा होता. एक पाइप फुटला तर चारही चाकें गेलीं. त्याच्या जागीं दोन खणांचा नवा घेतला. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचें घातलें. हें ऑइल हवेंतला ओलावा शोषून घेतें. कोरडें असतां तें २३० अंशांस उकळतें, ओलावलेलें १५५ अंशांस. आमच्या पावसाळ्यांत तें ओलें व्हावयास काय उशीर? म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावयाचें, अशी नोंद वडिलांनीं मोटारीच्या वहींत स्वतःच्या हातानें केली. ही त्यांची पहिली संमति.

ब्रेकची परीक्षा महाडच्या औद्योगिक वसाहतींतील रुंद रस्त्यावर, रविवारीं पहांटे घेतली. रस्त्यावर पाणी टाकून मेस्त्री वीस, तीस, चाळीस अशा वेगांनीं पुनः पुनः थांबले. मोटार आडवी होत नाहीं ना, मागलीं चाकें आधीं अडकत नाहींत ना, हें मी कडेस उभा राहून पाहत होतों. कारण पुढला ब्रेक बदलला कीं मागल्या ड्रमांशीं त्याचें प्रमाण बदलतें. नवे पॅड तबकडीवर नीट बसेपर्यंत घाट करावयाचा नाहीं, असें मेस्त्रींनीं बजाविलें. म्हणून वडिलांनीं महाड-पोलादपूर रस्त्यावर सोळा फेऱ्या केल्या. पायाला जोर अधिक लागतो, अशी त्यांची तक्रार होती. ती खरी आहे. ड्रमसारखी आपोआप ओढ डिस्कला नसते. मोठ्या पिस्टनांमुळें तिची थोडी भरपाई होते, सगळी होत नाहीं.

२०२३ च्या भाऊबीजेला आम्ही वाईस गेलों व दुसऱ्या दिवशीं उतरलों. वडिलांनीं संवयीप्रमाणें मोटार दुसऱ्या गिअरमध्यें ठेविली. डिस्क लाविल्या म्हणून गिअर सोडावयाचा नसतो. प्रतापगडाचा फांटा मागें पडला, ती गेल्या वर्षीची वळणें आलीं, आणि आई पुढल्या आसनाची कड धरून बसली. वास आला नाहीं. प्रत्येक वळणापूर्वीं पट्टी दाबली कीं वेग उतरत होता, पहिल्या वळणास जसा तसाच विसाव्या वळणास. पोलादपुरास चहाला थांबलों तेव्हां वडिलांनीं खालीं वांकून चाकाच्या भोंकांतून बराच वेळ आंत पाहिलें आणि कांहींच न बोलतां ते पुन्हां स्टिअरिंगवर बसले.

महाडांत शिरल्यावर त्यांनीं घराकडे न वळतां मोटार बाजारपेठेंत नेली. कापडाच्या दुकानापुढें ती उभी केली आणि मला आंत पाठविलें. शेठ गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. ते गुडघे टेकून उजव्या पुढल्या चाकापाशीं बसले व आंत बोट घालून त्यांनीं तो कॅलिपर चांचपला. "गरम आहे," ते म्हणाले, "पण हात लावतां येतो." वडिलांनीं मागचें दार उघडलें व त्यांना म्हणाले, "या, बसा. चवदार तळ्यापर्यंत एक फेरी मारून येऊं." शेठांनीं दुकानांतल्या मुलास हांक मारून गल्ल्यावर बसविलें आणि ते आईच्या शेजारीं येऊन बसले. मला जागा नव्हती असें नाहीं. पण मी तेथेंच दुकानाच्या पायरीवर थांबलों. वडिलांनीं त्या एका फेरीला अर्धा तास लावला.